आमची चाचणी सोमवारपासून

आमच्या गडचिरोलीत चौथीला मूल एकटं बसत नाही, सहकुटुंब बसतं. भाजी घेताना शेजारीण विचारते, "तुमचं गणित झालं का जी? आमचे अपूर्णांक अडकून राहिले." यातल्या 'आमचे'मध्ये आई, बाप आणि फोनवरचा नागपूरचा मामा येतो. वही ज्याची, तो पोट्टा अंगणात विटीदांडू खेळत असतो.

यंदा प्रकल्प आला, 'आपल्या जंगलातील वनोपज'. नमुने चिकटवून आणा. महिना डिसेंबर. मोह पडतो मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता तोडतात उन्हाळ्यात. पण गुणांना कुठे हंगाम असतो! एका बापानं बिडीबंडल आणलं, बिड्या भिजवल्या, तंबाखू झटकला आणि पान सरळ करायला रात्रभर त्यावर शब्दकोश ठेवला. पान सपाट झालं, पण बिडीच्या मापाचं चौकोनी. तेंदूचं असं पान जंगलात अजून कोणी पाहिलेलं नाही.

मोहाचं दुखणं वेगळंच. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. त्यामुळे "वाळलेला मोह कोणाकडे आहे का?" असं पालकांच्या ग्रुपवर विचारताच सगळे एकदम गप्प. मोहाचे लाडूही होतात, पण ते कोण ऐकून घेणार? शेवटी चंद्रपूरच्या आत्यानं पाठवला. तिकडची बंदी २०१५ ला लागली अन् २०२१ ला उठलीही.

आता गंमत बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात. कायद्यानं बोलावलेल्या त्या बैठकीला गुरुजी सतरंजी घालून वाट पाहतात आणि येतो एखादा, तोही जन्मतारखेच्या दाखल्यासाठी. इथून जवळच्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, ते बघायला लोक कुठून कुठून येतात. आमच्या ग्रुपवरही एकदा सर्वसहमती झाली होती: प्रकल्पाला बॉर्डर हिरव्या स्केचपेननं मारायची.

आमच्या घरी हे काम ह्यांच्याकडे. ऑफिसातून आले की पँट बदलायच्या आधी फेविकॉल मागतात. पोरीनं बेहडा हातात घेतला तर म्हणाले, "ठेव खाली, तुझ्यानं खराब होईल."

शेवटच्या पानावर 'हा प्रकल्प मी स्वतः केला आहे' असं लिहायचं होतं. तेही ह्यांनीच लिहिलं. अक्षर लेकराचं वाटावं म्हणून डाव्या हातानं.

पोरगी वाकून बघत होती. म्हणाली, "बाबा, माझं अक्षर एवढं खराब नाही जी."