थंडीचे ठेकेदार

दिवाळी आटोपली, हलका धान कापणीला आला आणि मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, फलक लागले की प्रतापगडच्या पानठेल्यावर हवामानभाऊ उगवतात. असा एक भाऊ गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या बहुतेक गावांत असतोच. गळ्यात मफलर, हातात मोबाईल, नजर गडाच्या माथ्यावर. मफलर थंडी पडली म्हणून नसतो, पडणार म्हणून असतो.

"पंधरा तारखेपासून पडते पाहा, बाप्पा!" हे सलामीचं वाक्य. महिना कोणता, ते सांगत नाहीत.

२०२४ च्या पावसाळ्याअखेर त्यांच्या तोंडी 'ला निना' बसली. तिकडे प्रशांत महासागराचं पाणी गार होणार, म्हणजे इकडे इटियाडोहच्या काठी दात वाजणार, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात तो ऑक्टोबर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला आणि नोव्हेंबरही उबदारच जाईल, असं हवामान खात्यानं सांगून टाकलं. भाऊंनी मफलर काढला नाही. घाम पुसायला वापरला.

खरं तर नोव्हेंबरची थंडी हा भल्याभल्यांना चकवणारा मामला. आकाश मोकळं हवं, उत्तरेचा कोरडा वारा हवा. मग रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि पारा उतरतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं काही शिजलं की ढग येतात, ऊब खालीच अडकते आणि स्वेटर पुन्हा पेटीत जातात. इथे तेवढ्यावर भागत नाही, कारण बांध्यांमध्ये धानाच्या कडपा पसरलेल्या असतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर 'मोंथा' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पूर्व विदर्भात कापलेला धान भिजला. अशा वेळी भाऊ पानठेल्यावर 'काही येत नाही' म्हणत असतात आणि वहिनी पुंजण्यावर ताडपत्री ओढत असतात. वहिनींना ला निना ठाऊक नाही; यलो आणि ऑरेंज अलर्टमधला फरक मात्र पक्का कळतो.

विदर्भातलं नीचांकी तापमान बरेचदा गोंदियाच्या नावावर लागतं. त्या दिवशी भाऊंचा रुबाब पाहावा. "ते गोंदिया शहराचं झालं. आपल्याकडं नवेगावबांधचं जंगल हाय, दोन डिग्री कमीच धरा." मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला पारा १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश कमी लागतो, ही खात्याची अट त्यांना मंजूर नाही. "काकडते माणूस, अन् विचारता यंत्राले? काहून?"

मंडईच्या रात्री ते ब्लँकेट घेऊन झाडीपट्टीच्या नाटकाला बसतात. मध्यरात्रीपर्यंत ब्लँकेटाची उशीच होते. पहाटे जरासा गारवा सुटतो आणि भाऊ "आली!" म्हणून असे ओरडतात की नायिकेची एन्ट्री झाली समजून पुढची रांग शिट्ट्या मारते.