बाबांचं अर्धं आयुष्य कुठे गेलं?

ऑक्टोबर 2025 मध्ये व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं आणि वाद पेटला. समितीनं शांततेपेक्षा राजकारण मोठं मानलं, असं व्हाइट हाउसनं म्हटलं. माचादोंनी आपल्या जनतेबरोबर ट्रम्प यांनाही पुरस्कार अर्पण केला, तेव्हा दुसरी बाजू चिडली. आमच्या चंद्रपूरच्या पानठेल्यावरही निकाल लागला: हे सगळं गोऱ्यांचं राजकारण.

असेल. तुरुंगातल्या लिऊ शियाओबो यांना 2010 साली नोबेल दिलं म्हणून चीननं नॉर्वेशी सहा वर्षं नीट संबंध ठेवले नव्हते. पण राजकारण म्हटलं की आपण सुटतो, आणि पुरस्कार मिळालेला माणूस नेमकं काय सांगत होता ते ऐकायचं राहून जातं. हे आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या बाबतीत घडलंय. वरोऱ्यात.

बाबा आमटे यांना 1971 साली पद्मश्री मिळाली. मग 1985 चं मॅगसेसे, 1986 ला पद्मविभूषण, 1988 ला संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार, 1990 ला टेम्पल्टन. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या बाबांना जग डोक्यावर घेत होतं आणि सरकारही त्यात सामील होतं. तेव्हा परदेशी पुरस्कार कुणाला खुपत नव्हता.

त्याच 1990 साली, मणक्याच्या दुखण्यानं ज्यांना धड बसताही येत नव्हतं असे पंचाहत्तर वर्षांचे बाबा वरोऱ्याचं आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. सरदार सरोवरात आदिवासींची गावं बुडणार होती. एकट्या महाराष्ट्रातली तेहतीस, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. वर्षअखेरीला निघालेली नर्मदा बचाओ आंदोलनाची यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली. समोर धरणाच्या बाजूनं गर्दी जमवली होती आणि तिच्या पुढं मुख्यमंत्र्यांच्या पत्नी होत्या. 1991 मध्ये बाबांनी दोन्ही पद्म पुरस्कार परत केले. त्याच वर्षी स्वीडनचा राइट लाइव्हलिहूड पुरस्कार नर्मदा बचाओ आंदोलनाला, मेधा पाटकर आणि बाबांना जाहीर झाला. आता मात्र ही माणसं विकासविरोधी ठरली, परक्यांच्या तालावर नाचणारी ठरली.

त्यांचं म्हणणं काय होतं? माणसांची धड सोय होत नसेल तर हे धरणच नको. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं 1992 मध्ये पुनर्वसनावर ठपका ठेवला, आणि पुढच्या मार्चमध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज स्वतःहून सोडलं. कर्जही परदेशीच होतं, हे शिव्या देणारे सोयीनं विसरले. 1999 साली भारत सरकारनं बाबांना गांधी शांतता पुरस्कार दिला. तेव्हा नर्मदेचा खटला सुप्रीम कोर्टात चालूच होता. सन्मान मिळाला, पण बुडणाऱ्या गावांबद्दल बाबा जे सांगत होते ते सरकारनं ऐकलं नाही.

सरकारला सोडा. आपण चंद्रपूरकरांनी काय केलं? 9 फेब्रुवारीला, बाबांच्या पुण्यतिथीला, फोटोला हार घालतो. भाषणात आनंदवन, हेमलकसा, श्रमदान सगळं येतं, नर्मदा येत नाही. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमही येत नाही, आणि ते तर आपल्या घरचं आहे. गोदावरी आणि इंद्रावतीवरच्या या दोन धरणांविरुद्ध बाबा, आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज आणि हजारो आदिवासी 1984 साली गडचिरोलीत रस्त्यावर उतरले. तेव्हा जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. ती धरणं झाली नाहीत. गडचिरोलीच्या इतिहासातला हा मोठा विजय आहे आणि गडचिरोलीचीच मुलं तो जाणत नाहीत. याची मला लाज वाटते.

न पटणाऱ्या माणसाचं नाव पुसायची खोड जुनी आहे. 6 डिसेंबर 2022 ला राज्य सरकारनं, माओवादाच्या आरोपावरून अटक झालेल्या कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना पुरस्कार जाहीर केला आणि 12 तारखेला रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. पुस्तक वाचून त्यातलं चूक काय ते सांगता आलं असतं. तेवढं करायचीही तयारी नव्हती.

आणि नदी अजून वाहतेच आहे. सिरोंच्याजवळ तेलंगणानं गोदावरीवर मेडिगड्डा धरण बांधलं. 2019 मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. त्याच्या फुगवट्यानं आपल्या बाजूची शेतं बुडाली आणि भरपाईसाठी सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना उपोषणाला बसावं लागलं. त्यांना कुठल्या समितीनं पुरस्कार दिलेला नाही, म्हणून त्यांच्यावर वादही नाही आणि बातमीही नाही.

पुढच्या खेपेला मुलांना आनंदवन दाखवाल, तेव्हा एकदा सिरोंच्यालाही न्या. प्राणहिता आणि गोदावरीचा संगम दाखवा, आणि काठावरच्या शेतकऱ्याला विचारा, तुझी जमीन कुठे गेली? तो सांगेल ते सगळं ऐकून घ्या.