सरपंचपतींचा विजय असो
रिद्धपूर म्हणजे १३व्या शतकात कवयित्री महदाइसेने महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंपुढे धवळे, म्हणजे लग्नगीतं, गायले ते गाव. ती पंथाचे संस्थापक चक्रधर यांनाही प्रश्न विचारायची, अन् महानुभावांनी ते तिच्याच नावाने लिहून ठेवले. कुण्या कारभाऱ्याची सही लागली नाही!

पुढे आपण फार सुधारलो. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव. तरी राज्यातल्या कित्येक गावांत सरपंचबाई चहा टाकतात अन् ‘सरपंचपती’ मीटिंग चालवतात. बाई म्हणतात, नळाला पाणी आणा. यजमान म्हणतात, आधी वेशीला कमान. ‘सरपंचपती’ हे पद कायद्यात नाही, म्हणून त्यावर अविश्वास ठरावही येत नाही. पुढच्या ग्रामसभेत खुर्चीवर कोण बसलंय ते बघा, अन् इतिवृत्तात तसंच लिहायला लावा.