डिंककाका

जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर मला दोन किल्ल्या, एक स्टेपनी आणि एक आडनाव मिळालं. लाल डिकीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘पाटील’. मी पाटील नाही. पण खरं सांगायचं तर चार महिने मी ते काढायच्या भानगडीत पडलो नाही. पेट्रोल पंपावरचा पोरगा ‘या पाटील, किती टाकू?’ म्हणायचा, आणि इतक्या अदबीने मला आमच्या ऑफिसातही कोणी ‘या’ म्हटलेलं नव्हतं. मग एकदा सासरे गाडीमागे उभे राहिले, ती तीन अक्षरं बराच वेळ वाचत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. त्या रविवारी मी घराची किल्ली घेऊन पार्किंगमध्ये उतरलो.

‘पा’च्या शिरोरेषेला किल्ली लावली असेल नसेल, तोच मागून आवाज आला, “सोलतोयस का तिला?”

डिंककाका.

हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते सांगता येत नाही, पण ते अगदी चपखल चिकटलंय, आणि हे एक चिकटलेलं काढणं काकांनाही जमलेलं नाही. सोसायटीत जसा एक टाकीच्या पाण्याची पातळी बघणारा असतो, एक लिफ्टमध्ये माणसं मोजणारा असतो, तसा एक हा असतो. कुठल्याही वस्तूवर काही चिकटलेलं दिसलं की याच्या बोटांना खाज सुटते. नवा आरसा घ्या, हेल्मेट घ्या, स्टीलचा डबा घ्या. तुम्ही वस्तू बघता, हा लेबल बघतो. काकूंनी घरात आणलेलं प्रत्येक ताट आधी काकांच्या हातात जातं. गॅसवर उलट्या बाजूने धरून, लेबल अख्खं निघालं की ते ताटलीवर उताणं ठेवून काका ते सगळ्यांना दाखवतात, सर्जनने खडा दाखवावा तसं.

काकांनी 31 वर्षं पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात पेंटशॉपमध्ये काढली. त्यामुळे गाडी म्हटलं की आपल्याला इंजिन, मायलेज, हप्ते आठवतात. त्यांना आठवतो तो फक्त पत्र्यावरचा रंग. “हे सगळं मिळून किती जाड असतं सांग,” ते प्रत्येक बळीला विचारतात. आपण अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून काहीतरी दाखवतो. मग ते डोक्यावरचा एक केस उपटतात (उरलेत थोडेच, पण शिक्षणासाठी देतात) आणि सांगतात की प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून अशा दोन केसांएवढंही भरत नाही. त्यातला चकाकणारा क्लिअर कोट तर एका केसाहून पातळ. “आणि त्यावर तू किल्ली चालवतोस.”

त्यांनी नखाचं टोक माझ्या ओरखड्यावरून फिरवलं. नख अडकलं. “लागतंय,” ते म्हणाले. नख अडकलं नाही तर पॉलिशने जातं. अडकलं तर ओरखडा आपला जन्माचा सोबती. हे सांगताना त्यांचा चेहरा रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरांसारखा झाला होता.

मी विचारलं, “थिनर आणू का?”

ही चूक कोणी करू नये. थिनर, पेट्रोल, काकूंचं नेलपॉलिश काढायचं द्रावण, ही नावं काकांसमोर उच्चारली की ते एक पाऊल मागे सरतात. अॅसिटोन आणि थिनरला डिंक कुठला आणि रंग कुठला यातला भेद कळत नाही, ती दोन्हींना सारखंच विरघळवतात, आणि बंपर तर प्लॅस्टिकचा, त्याची त्वचाच जाते. पेट्रोलचं तर विचारूच नका. त्याची वाफ पेट घ्यायला बंद पार्किंगमधली एक ठिणगी पुरते. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी थिनरने दारावरचा डाग काढला होता. डाग गेला. आता तिथे तळहाताएवढा धुरकट चट्टा आहे आणि काका पाहुण्यांना तो प्रेक्षणीय स्थळ म्हणून दाखवतात.

काका डबा घेऊन आले. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. आत काकूंचा हेअर ड्रायर, जुन्या बनियनची फडकी, शाम्पूच्या पुड्या, खोबरेल तेलाची निळी बाटली, स्पिरिट, कोरी ब्लेडं आणि जुन्या एटीएम कार्डांची गड्डी. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, पण तिचं कार्ड आमच्या पार्किंगमध्ये अजून चालतं. प्लॅस्टिक रंगाला ओरखडत नाही, आणि देनाचं जरा लवचिक आहे, असा काकांचा अनुभव.

वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन ओढून ड्रायर सुरू झाला. आधी डिकी धुवायला लावली, कारण धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं. मग ऊब. ऊब किती? बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं काका पत्र्याला कोपर लावून बघतात. कोपराला सोसलं पाहिजे. उन्हात तापलेल्या गाडीला मात्र हात लावत नाहीत. तापल्या पत्र्यावर स्पिरिट लावलं तर ते काम करायच्या आत वाळतं आणि स्वतःचाच डाग पाडून जातं. “मग ड्रायर कशाला?” असं मी विचारलं. “ऊब आणि चटका यांत फरक असतो. लग्नाला किती वर्षं झाली तुझ्या?”

‘ल’चा कोपरा सुटला. इथे मी घाईने तो वर खेचणार होतो. काकांनी मनगट धरलं. स्टिकर वर ओढायचा नाही. दुमडून, त्याच्याच पाठीवरून, पत्र्याला लागून हळूहळू मागे आणायचा, म्हणजे डिंकाचा बराचसा भाग त्याच्याबरोबर येतो. या हिशेबाने ‘ल’ला सहा मिनिटं लागली, ‘टी’ला नऊ. वेलांटीने फार छळलं.

पाटील निघाले आणि डिंक मागे राहिला. करडा, चिकट, धूळ खाऊन बसलेला. त्यावर खोबरेल तेल. तेलकट वस्तूला तेलकटच मऊ करतं, हे काकांचं रसायनशास्त्र. अडचण एवढीच की डिसेंबर होता आणि बाटलीतलं तेल गोठलेलं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, आणि पुण्यातली सकाळ ती अट सहज पूर्ण करते. काकांनी बाटली काखेत धरली आणि पाच मिनिटं तशीच काढली. फिरायला निघालेल्या जोशीकाकूंनी विचारलं, “ताप आलाय का हो?”

तेल लावून दहा मिनिटं थांबायचं असतं. डिंककाकांकडून काही काढून घेण्याची खरी किंमत ही दहा मिनिटं. त्या वेळात त्यांनी मला चिकटपट्टीचा इतिहास सांगितला. आणि तो ऐकण्यासारखा होता, हे नाइलाजाने कबूल करतो. चिकटपट्टीचा अवतार म्हणे गाडीच्या रंगापायीच झाला. 1920 च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींचं वेड आलं. एक रंग झाकून दुसरा मारायचा, तर झाकायला लावलेला कागद काढताना खालचा ताजा रंगच उचलून यायचा आणि रंगारी शिव्या घालायचे. थ्री एम ही कंपनी तेव्हा पॉलिशपेपर विकत असे. तिथल्या रिचर्ड ड्रू नावाच्या तरुणाने त्या शिव्या ऐकल्या आणि 1925 मध्ये मास्किंग टेप आणली. एका नमुन्यात डिंक फक्त कडांना होता, पट्टी गळून पडली, तेव्हा एक रंगारी वैतागून म्हणाला, म्हणे, की ही तुझ्या स्कॉच साहेबांकडे परत ने आणि अजून डिंक लावायला सांग. स्कॉच म्हणजे कंजूष. पट्टीला तेच नाव पडलं.

“बघ,” काका म्हणाले, “त्यांच्याकडे डिंक वाचवला तर कंजूष. आपल्याकडे कंजुषालाच चिकट म्हणतात.” यावर ते स्वतःच इतके हसले की काखेतली बाटली खाली पडली.

दहाची वीस मिनिटं झाली. फडकं कार्डाला गुंडाळून काका एका दिशेने दाबत गेले आणि डिंकाच्या वळवटांसारख्या बारीक सुरळ्या निघायला लागल्या. खरंच बघत राहावं असं दृश्य. शेवटची चिकचिक स्पिरिटच्या बोळ्याने, तीही आधी दाराच्या आतल्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघून.

काकांचा सुवर्णकाळ मात्र 2012 चा. त्या वर्षी 27 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म चिकटवायला बंदी केली आणि संक्रांतीच्या काळ्या साड्यांसारखं नटलेलं आमचं पार्किंग एकाएकी उघडं पडू लागलं. लोकांनी फिल्म ओरबाडल्या, डिंक काचेवर तसाच. काकांनी त्या मे महिन्यात म्हणे चाळीसेक काचा केल्या. काचेला साबणाचं पाणी मारायचं, वर कचऱ्याची काळी पिशवी चोपडायची आणि गाडी उन्हात लावायची; काळा रंग ऊन पितो, डिंक सैल पडतो. नंतर काचेवर कोरं ब्लेड, ओल्या काचेवर, तिरकं, आणि फक्त पुढे. मागे आणलं की अडकलेला कण काच कोरतो. मागच्या काचेच्या आतून मात्र ब्लेड कधीच नाही. तिथे त्या बारीक तपकिरी रेघा असतात ना, त्या धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा. एक खरवडली की पावसाळ्यात तेवढी पट्टी धुकट राहते. सेक्रेटरींच्या गाडीत तशा तीन पट्ट्या आहेत. त्यांनी काकांना विचारलं नव्हतं.

सेक्रेटरी आणि काका यांचं जुनं वैर. सेक्रेटरी चुकीच्या जागी लावलेल्या गाडीच्या काचेवर कागदी स्टिकर मारतात, थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. कागदी! वरचा पापुद्रा येतो आणि खालचा राहतो. मागच्या सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीचा विषय पुढे ढकलला गेला, कारण स्टिकर व्हिनाइलचा असावा यावर काका पाऊण तास बोलले. गाडी चुकीची लावू नये, हा मुद्दा दोघांपैकी कोणीच मांडला नाही.

मात्र सगळंच काढायचं असं नाही. काचेच्या आतला नंबरप्लेटबरोबर मिळणारा चौकोनी होलोग्राम, पेट्रोलला फिकट निळा, डिझेलला केशरी, त्याला ते बोट लावू देत नाहीत. फास्टॅग एकदा सोलला की निकामी, हेही तीनदा सांगतात. आणि गणपतीचा स्टिकर असेल तर आधी चपला काढतात. तेल लावतात तेही हलक्या हाताने, अभ्यंगासारखं. निघालेला तुकडा कचऱ्यात जात नाही, निर्माल्यात जातो.

साडेसातला सुरू झालेलं काम अकराला आटोपलं. तेलावर धूळ बसते म्हणून शाम्पूने धुतलं, आणि या सगळ्यात रंगावरचं मेणही गेलेलं असतं म्हणून वरून वॅक्स. काकूंनी वरून दोनदा हाक मारली, काकांनी दोनदा “आलोच” म्हटलं. मग आम्ही दोघं चार पावलं मागे गेलो.

डिकीवर ‘पाटील’ लिहिलेलं होतं.

पांढरं नव्हे, लाल. बाकीची गाडी इतकी वर्षं उन्हात विटली होती, आणि पाटलांच्या खालचा रंग शोरूममधून आजच निघाल्यासारखा ताजा होता. अक्षरं आधीपेक्षा देखणी दिसत होती. वर माझ्या किल्लीचा ओरखडा, अगदी शिरोरेषेच्या जागी.

“भूत म्हणतात याला,” काका हात पुसत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला नको असलेला आनंद होता. “आजूबाजूचं विटकं अंग पॉलिशने जरा वर आणायचं, म्हणजे हे फिकं पडेल. पूर्ण जाईल असं नाही. एका दिवसाचं काम नव्हे, तीन-चार रविवार धर.”

मी काही बोललो नाही.

“उद्या पेट्रोल भरायला जाशील ना,” डब्यात देना बँकेचं कार्ड ठेवत ते म्हणाले, “तर येताना दोन शाम्पूच्या पुड्या आण. साडेसातला येतो रविवारी, पाटील.”