दुसरं बसत नाही

विनूदादाला साक्षात्कार झाला तो शनिवारी. रविवार आराम करायला मोकळा मिळावा, म्हणून. गौतम बुद्धांनी पिंपळाखाली बसण्याआधी एक्सेल शीट केली नव्हती, विनूदादानं केली. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात ‘अपेक्षित अवस्था’, तिसऱ्यात ‘पाणी प्यायलो का’. हा माझा चुलतभाऊ, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलव्हीनमध्ये चौदा वर्षं राहतो आणि प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मुलगी बघायच्या कार्यक्रमाला तो प्रश्नांची यादी लॅमिनेट करून घेऊन आला होता, असं वहिनी सांगते. पोह्यांची बशी त्याच यादीवर ठेवली होती म्हणे, डाग पडला नाही.

तिकडे हा प्रकार कायद्यात बसतो. डिसेंबर २००८ मध्ये नेदरलँड्सनं जादूच्या अळंब्यांवर बंदी आणली, पण बंदीच्या यादीत फक्त अळंब्या आल्या. त्यांच्याच जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी सुटल्या. त्यांना ट्रफल म्हणतात आणि त्या दुकानात रीतसर पाकिटात मिळतात. गुण तोच, सिलोसायबिनचा. आपल्याकडे तेच पाकीट खिशात सापडलं तर १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे, हे दादा दर वेळी आवर्जून सांगतो. पुण्याला येताना त्यानं विमानतळावर स्वतःचे खिसे तीनदा उलटे केले. त्यात कधी काही नव्हतंच. पण पाहणाऱ्याला शंका यावी इतक्या मन लावून त्यानं ते केलं.

तर पंधरा ग्रॅम, आंबूस अक्रोडासारखी चव, सकाळपासून पोट रिकामं. मन शांत हवं, जागा ओळखीची हवी आणि शेजारी एक शुद्धीवरचा माणूस हवा, असा ह्या क्षेत्रातला दंडक आहे. मन शांत करण्यासाठी दादानं ऑफिसचा लॅपटॉप बंद केला. जागा म्हणजे घरचाच सोफा. शुद्धीवरचा माणूस म्हणजे वहिनी. ह्या पदाची नेमणूक तिच्या लग्नापासूनच झालेली आहे.

पुढचे पाच-सहा तास काय झालं ते दादाच्या तोंडून ऐकायचं तर पाच-सहा तास लागतात. थोडक्यात, पडदा श्वास घेऊ लागला. कुंडीतल्या कोथिंबिरीची त्यानं रडून क्षमा मागितली. आणि अगदी ऐन शिखरावर असताना त्याला विश्वाचं रहस्य कळलं. ते निसटू नये म्हणून त्यानं उशाशी ठेवलेल्या वहीत लिहिलं. सकाळी वही उघडली. तिरक्या, लहान मुलासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या:

झाकण एकच.

दुसरं बसत नाही.

अशा वह्यांची परंपरा जुनी आहे. बोस्टनचा डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यानं १८७० साली हार्वर्डमधल्या एका भाषणात स्वतःची फजिती सांगितली होती. ईथर हुंगल्यावर त्याला सगळ्या सृष्टीचं मर्म उमगलं, शुद्धीवर येता येता त्यानं ते खरडलं, आणि नंतर वाचून पाहिलं तर मर्म एवढंच होतं की टर्पेंटाइनचा वास सगळीकडे भरून राहिला आहे. होम्स हसला आणि आपल्या कामाला लागला. विनूदादा हसला नाही. तिथून पुढे आम्हा नातेवाइकांचे हाल सुरू झाले.

‘एकच. दुसरं नाही. अरे, अद्वैत!’ हा निष्कर्ष त्यानं रविवारी नाश्त्यालाच काढला. शाळेत संस्कृतला पस्तीस मार्क पडलेला माणूस शंकराचार्यांकडे इतक्या झपाट्यानं पोचलेला मी दुसरा पाहिला नाही. आता राहिलं झाकण. ते म्हणजे कधी अहंकार, कधी देह, कधी मेंदूतली गाळणी. लेखक आल्डस हक्स्लेनं १९५३ मध्ये मेस्कलिन घेतलं तेव्हा मेंदू ही गाळणीच आहे असं त्याला वाटलं होतं, त्यामुळे दादाला सोबतही थोर मिळाली. हक्स्लेला त्या दुपारी स्वतःच्या पँटच्या घड्यांमध्ये अनंत दिसलं, हे दादा विशेष भक्तिभावानं सांगतो. एकदा सांगत असताना वहिनी इस्त्रीच करत होती. ‘मला रोज दिसतं,’ ती म्हणाली.

मग धडे. अहंकार तर त्याचा मुळासकट गेला. किती गेला ते विचारावं लागत नाही. तिथल्याच एका मराठी गृहस्थांनी पेरूला जाऊन आयावास्का घेतलं होतं. एक वेल आणि एका झुडपाची पानं तासन् तास उकळून केलेला हा काढा. आधी बादली भरते, मग ज्ञान होतं. त्यांची आणि दादाची जुगलबंदी मी ऐकली आहे. ‘माझा मी तीन तास नव्हतोच,’ दादा म्हणाला. ‘तीन?’ गृहस्थ मंद हसले, ‘माझा अजून परत आलेला नाही.’ दादाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आपण सगळे एक आहोत, हाही एक धडा. हा त्यानं आम्हाला कालव्याकाठच्या एका कॉफीच्या दुकानात बसून, डोळे मिटून, आवंढा गिळत सांगितला. घरी पोचायच्या आत बरोबरच्या मित्राच्या फोनवर टिंग झालं. टिकी आली होती. टिकी म्हणजे आपल्या वाट्याचे पैसे मागून घ्यायची तिकडची सोय. एकत्वातले तीन युरो ऐंशी सेंट वेगळे काढले होते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा २००६ चा प्रयोगही त्याला तोंडपाठ आहे. ३६ जणांना सिलोसायबिन दिलं, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सगळ्यात अर्थपूर्ण पाच घटनांमध्ये धरला. ‘माझ्याही पहिल्या पाचांत आहे,’ दादा म्हणाला. वहिनीनं पोळी लाटता लाटता विचारलं, ‘उरलेल्या चारांत लग्न आहे ना?’ दादानं उत्तर द्यायला जो वेळ घेतला तो कुठल्याही प्रयोगात मोजलेला नाही.

दिवाळीला तो पुण्याला आला तेव्हा आईला खरं सांगून टाकायचं त्यानं ठरवलं. लपवाछपवी नको, हाही बहुधा धडाच. काकू मूळच्या फोंड्याच्या. फराळाची ताटं समोर होती.

‘आई, मी ना, अळंबी खाल्ली.’

‘वारुळावरची?’ काकूंचे डोळे चमकले. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर ओळमी उगवतात आणि सोन्याच्या भावानं विकली जातात. ‘तुमच्या तिथं मिळतात? किती आणलीस?’

‘पंधरा ग्रॅम.’

‘पंधरा ग्रॅममध्ये कुणाचं काय होणार? घरात चार माणसं!’

‘आई, मला देव दिसला.’

‘नीट शिजवली नसशील,’ काकू म्हणाल्या आणि त्यांनी चकल्या पुढे केल्या.

एका गोष्टीची मात्र मी चेष्टा करत नाही. काका गेले तेव्हा विमानं बंद होती, करोनाचं पहिलं वर्ष. दादानं अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या मीटिंगला बसला. त्या शनिवारी म्हणे तो काकांच्या हिरव्या सायकलच्या कॅरिअरवर बसला होता, टिळक रोडनं, शाळेच्या दिशेनं, आणि काकांच्या शर्टाला नीळ-साबणाचा वास येत होता. काका मागे वळून बघत नव्हते, फक्त ‘पाय लांब धर, चाकात जाईल’ म्हणत होते. हे सांगताना त्यानं डोळे मिटले नाहीत, अद्वैत वगैरे काढलं नाही. चहा निवून गेला. मग उठून त्यानं कप विसळला.

आणि हेही खरं, की सगळ्यांच्या वाट्याला कॅरिअर येत नाही. त्याच्या ओळखीतल्या एकाला रात्रभर आपण मेलो आहोत असं वाटत राहिलं आणि पुढे महिनाभर त्याला झोप नव्हती. त्याचे धडे कुणी विचारत नाही.

ह्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे आठवडाभर होतो. एकोणीस तारखेला सकाळी दादानं मला सायकलवर बसवलं. सण होता म्हणे. १९ एप्रिल १९४३ रोजी बाझलच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमननं २५० मायक्रोग्रॅम एलएसडी मुद्दाम घेतलं आणि डोकं फिरायला लागल्यावर सायकलनं घर गाठलं. हाच हॉफमन पुढे १९५८ मध्ये सिलोसायबिनही वेगळं काढणार होता, म्हणजे दादाच्या घराण्याचा मूळ पुरुष. घरी पोचल्यावर त्याला वाटलं विषबाधा झाली. उतारा म्हणून शेजारणीकडून दूध मागवलं, संध्याकाळभरात दोन लिटरच्या वर प्यायला, आणि ते दूध आणून देणारी शेजारीण त्याला चेटकीण दिसली.

‘दूध आणून दिलं ती चेटकीण,’ मागून सायकल चालवणारी वहिनी म्हणाली. ‘बरोबर आहे.’

त्या दिवशी हॉफमनच्या बरोबर आणखी एक सायकल होती, त्याच्या सहायक मुलीची, सुझी रामस्टाइनची. ती पूर्ण शुद्धीवर होती. तिनं त्याला घरी पोचवलं, डॉक्टर बोलावला. सणाला नाव मात्र सायकलचं.

संध्याकाळी मी ओट्याशी वहिनीला मदत करत होतो. जेवणं झाल्यावर दादानं सगळे डबे धुतले, पुसले, एकेकाला त्याचं त्याचं झाकण लावलं. प्रत्येक ‘टक्’ला क्षणभर डोळे मिटले. मग डबे उंचीप्रमाणे फडताळात लावून तो वर ध्यानाला गेला.

‘हे रोज?’ मी विचारलं.

‘रोज.’ वहिनीनं जिन्याकडे कानोसा घेतला. ‘तुला म्हणून सांगते. त्या दिवशी हा सोफ्यावर, पडद्याशी बोलतोय. मी इथं. दुपारची भाजी उरलेली, ती पिवळ्या डब्यात काढली, तर झाकण सापडेना. सगळं फडताळ उपसलं. शेवटी वैतागून मोठ्यानं म्हणाले, ह्या मेल्या डब्याला झाकण एकच, दुसरं बसत नाही! वळून बघते तर हा लिहून घेतोय.’

मी हसायला लागलो तसा तिनं माझ्या तोंडावर ओला पंचा दाबला.

‘खबरदार त्याला सांगशील तर. एकोणीस वर्षं ह्या संसारात मी एकटी झाकणं शोधत होते.’

‘आणि त्या पिवळ्या डब्याचं?’

‘नाहीच मिळालं. तो काकूंच्या लोणच्याचा डबा. त्याच्यावर हल्ली ताटली ठेवते.’

पुण्याला परतल्यावर दादानं पाठवलेलं चीज द्यायला काकूंकडे गेलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो आणि बेसिनपाशी थबकलो. नळाच्या कडेला एक पिवळं झाकण उताणं पडलं होतं. त्यात भांडी घासायची साबणाची वडी आणि तारेची घासणी.

‘काय बघतोस?’ काकू म्हणाल्या. ‘डबा नेला विनूनं, झाकण विसरला. लहानपणापासून तसाच. बाजूला हो, मला हात धुवायचेत.’