मिनिटाला तीन थेंब

कर्जतच्या आळीआळीत एक गोदीवाला काका असतो. समुद्र इथून कोसभर नव्हे, चांगला तास-दीड तास लांब. पण काकाने उभी हयात पहाटेची लोकल पकडून, सँडहर्स्ट रोडला उतरून, माझगावच्या गोदीत फिटर म्हणून काढलेली असते. शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं. त्या हिशेबाने तो कुठल्याही खलाशापेक्षा जास्त फिरलेला असतो, फक्त रुळांवरून.

निवृत्त झाल्यावर काकाच्या हाताला चाळा उरत नाही. मग गावातली प्रत्येक गळती ही त्याची खाजगी मालमत्ता होते. मिरगाचा पहिला सडाका आला की आपण छताकडे बघतो. काका बघतो भिंतीच्या उलट्या टोकाकडे. "पाणी दिसतं तिथे शिरत नाही, आणि शिरतं तिथे दिसत नाही," हे त्याचं पालुपद. खिशात बॅटरी, जुना टूथब्रश आणि पावशेराची हातोडी. आणि एक खोड. थेंब बोटावर घेऊन तो जिभेला लावतो. बोटीच्या तळाशी पाणी साचलं की आधी चव घ्यायची असते: खारं लागलं तर समुद्र आत आलाय, गोडं लागलं तर आपलीच टाकी फुटलीय. "पण काका, कर्जतला खारं कुठून येणार?" "सवय रे." वरच्या बिऱ्हाडाची मोरी गळत असेल तेव्हा मात्र आम्ही त्याचा हात धरून ठेवतो.

असा हा प्राणी. त्याच्या नशिबात निवृत्तीनंतर खरीखुरी बोट येईल, आणि तीही खालापूर तालुक्यात, असं कुणाला वाटलं असतं?

झालं असं की चौकच्या पुढे, मोरबे धरणाच्या अंगाला, मुंबईच्या एका साहेबांनी फार्महाऊस बांधलं. गच्चीवरून पाणी दिसतं, म्हणून त्यांनी उरणकडून वीस वर्षांची जुनी फायबरची बोट ट्रकवर घालून आणली. धरण नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, तिथे आपली बोट कोण घालू देणार, हा विचार बोट उतरवून ट्रक परत गेल्यावर आला. मग ठरलं, दुरुस्त करून मांडव्याला न्यायची. तोवर बोट आंब्याखाली, तिच्यात कोंबडी अंड्यावर बसलेली.

काका आला, बोटीभोवती नवरीमुलगी बघितल्यासारखा फिरला आणि पाण्याखाली जाणाऱ्या भोकांपाशी उकिडवा बसला. बोटीला मुद्दाम पाडलेली भोकं असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं एक, सांडपाण्याचं एक, पंख्याचा दांडा बाहेर जातो ते एक. पहिल्या दोन भोकांत पितळी नळी, आत कॉक, कॉकला रबरी पाइप; दांड्याच्या भोकात ग्लँड. गळतं ते इथेच.

साहेबांनी आतून एपॉक्सीची लांबी थापली होती, वर सिलिकॉन, वर पुन्हा लांबी. पुरणपोळीसारखे थर. काकाने नखाने एक पापुद्रा उचलला. "साहेब, पाणी येतंय बाहेरून, तुम्ही मलम लावताय आतून. जखमेवरची खपली रंगवलीत नुसती." मग हातोडीने एकेका कॉकवर टिचकी. पहिला ठण्ण वाजला. दुसरा थप्प. काकाने चाकूने खरवडून दाखवलं: वरून पिवळं, आत तांब्यासारखं गुलाबी. साहेब म्हणाले, "रंग छान आहे." काकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की कोंबडीही उठून गेली. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा स्पंज. दिसायला कॉक, ताकदीला बिस्किट. पाण्याखाली गनमेटलच हवं. "एक इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर फुटलं, तर मिनिटाला साठ लिटर आत येतं. चार बादल्या! तुम्ही एक बादली उपसेपर्यंत बाकीच्या हजर." म्हणून प्रत्येक कॉकजवळ सावरीच्या मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवायची. भोकात ठोकली की भिजून फुगते आणि घट्ट बसते. "आणि हे बघा, मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. सागवानी! तुमची ही वीस वर्षांत म्हातारी?"

पुढचे आठ दिवस काका लोकलच्या जुन्या वेळेला उठायचा. सगळ्या नळ्या उपटल्या, फायबर घासून कोरडं केलं, मरीन सीलंट लावून नव्या बसवल्या. नट पहिल्या दिवशी पिळायचे नाहीत. सगळा लेप पिचकून बाहेर येतो. हाताने बेताचे, आणि सुकल्यावर दुसऱ्या दिवशी पाव फेरा. पण काकाचा जीव खरा दांड्याच्या ग्लँडमध्ये. तिथे ग्रीस लावलेली चौकोनी दोरी भरतात. ती सलग गुंडाळायची नाही. तिरप्या कापाची एकेक कडी करायची, आणि एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. "आणि इतकं आवळायचं नाही की कोरडी पडेल. मशीन चालू असताना मिनिटाला तीन थेंब पडलेच पाहिजेत. थेंबावरच दांडा थंड राहतो. अजिबात न गळणारा ग्लँड म्हणजे जळणारा ग्लँड." काकूंनी घरच्या नळाबद्दल विचारलं की हेच शास्त्र तो तिथेही सांगतो, असं काकूंकडून कळलं.

आता परीक्षा. समुद्र नाही, तर उलटी गळती बघायची: बोटीतच पाणी भरायचं. जे आतून बाहेर येईल ते बाहेरून आत येणारच. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, म्हणून काकाने तळाखाली ठोकळे लावून घेतले. मे महिना. साहेबांनी टँकर मागवला.

टँकरचा आवाज ऐकून खालच्या वाडीवरच्या बायका वर आल्या. समोर धरण भरलेलं आणि त्यांची विहीर आटलेली, असा दरवर्षीचा मे. बोटीत फूटभर पाणी चढलं. नवे कॉक कोरडे ठाक. फक्त ग्लँडमधून टप, टप. एका म्हातारीने काही न बोलता त्याखाली हंडा सरकवला. तिच्यामागे दुसरीने कळशी. बघता बघता बोटीच्या बुडाशी रांग लागली. साहेब फोनवर होते.

काका पाना घेऊन वाकला.

"काका, आज नको आवळू," म्हातारी म्हणाली. "प्यायला नको, भांड्याला चालंल."

काकाने एकदा रांगेकडे पाहिलं. मग पाना लावला आणि नट अर्धा फेरा उलटा फिरवला. थेंबांची धार झाली.

"ग्लँडला थेंब लागतोच," तो मला म्हणाला.

मशीन बंद होतं. मी काही बोललो नाही. दुसरा हंडा पुढे सरकवला.