ग्रीकांचे फाजील लाड

ग्रीक दंतकथांचं जगाला भारी कौतुक. काय ते भोग, काय ती शोकांतिका! हे कौतुक ज्यांना आवरत नाही त्यांनी एक उन्हाळा कर्जतला काढावा. नगर जिल्ह्यातल्या कर्जतला. लोकल जाते त्या नव्हे, टँकर जातो त्या.

टँटॅलस घ्या. पोटचा पोर कापून देवांना वाढला, म्हणून शिक्षा झाली. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं; प्यायला वाकलं की पाणी खाली जाणार. गळ्याइतकं? कुकडीचा डावा कालवा जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणातून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा करत कर्जतकडे येतो. शेतकऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरलेला असतो, चारीतलं गवत उपटलेलं असतं, आवर्तनाची तारीख पाठ असते. वाटेतल्या मोटारी पोटभर पितात. टेलला येते ती ओल.

टँटॅलसला वाकायला पाणी तरी होतं.

सिसिफसबद्दल तर जग हळहळतं. दगड डोंगरावर चढवायचा, तो गडगडत खाली आला की पुन्हा चढवायचा, अनंतकाळ. आपल्याला मात्र लगेच वास येतो. तोच दगड, तीच टेकडी आणि दर खेपेला नवं काम? पाऊस पडला की खड्डा, खड्डा पडला की मुरूम, मुरूम वाहून गेला की फेरनिविदा. याला शिक्षा कोण म्हणेल? सिसिफसचं बिल निघत होतं.

ऑलिंपसच्या तारेवर पहिला आकडा टाकला तो प्रॉमिथियसने. देवांची आग चोरून माणसांना दिली. झ्यूसने त्याला खडकाला जखडलं आणि रोज त्याचं यकृत खायला गरुड धाडला. आता एवढं करायची गरज नाही. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. फक्त ती कधी येते ते विचारू नका. पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जायचं. तिथे बिबट्याही रात्रपाळीलाच.

गरुड निदान दिवसाउजेडी यायचा.

इकॅरसला बापाने बजावलं होतं, फार वर उडू नकोस, पंखांचं मेण वितळेल. कांद्याला बजावणारं कोणी नाही. भाव जरा वर चढला की दिल्लीत ऊन तापतं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली आणि पंख गळाले. ती उठली कधी? 4 मे 2024 ला, लोकसभेच्या धामधुमीत. सूर्यालाही मतदान कळतं! इकॅरस समुद्रात पडला, विषय संपला. कांदा बाजार समितीत पडतो आणि पट्टीतून हमाली-तोलाई वर कापून जाते.

मग तो शिकारी अ‍ॅक्टिऑन. आर्टेमिस देवी आंघोळ करत होती, हा नको तिथे पोचला. देवीने त्याचं हरीण केलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं. भयंकरच. पण ग्रीसमध्ये. आमच्या तालुक्यात रेहेकुरीला 1980 पासून काळविटांचं अभयारण्य आहे. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, पण वन्यजीव कायद्याचं भक्कम कवच. उन्हाळ्यात वनखातं टँकरने पाणवठे भरतं. काळवीट अर्ज करत नाही, ठराव देत नाही, हंडा मोर्चा काढत नाही. तरी पाणी येतं.

देवीने इथे हरीण करायला घेतलं तर रांग लागेल.

दंतकथा आमच्याकडेही आहेत, असं कोणी म्हणेल. आहेत की! याच तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेक आहे. मधु-कैटभांशी लढताना खुद्द विष्णूचं काम अडलं. का? आधी गणपतीचं स्तवन राहून गेलं होतं. मग विष्णूने टेकडीवर तप केलं, सिद्धी मिळाली आणि राक्षस संपले. एक अर्ज, एक देव, काम फत्ते. एक खिडकी योजना इथे तेव्हा खरंच चालायची.

ग्रीकांचे लाड म्हणतो ते यासाठी. त्यांच्यात शिक्षेला गुन्हा लागायचा. टँटॅलसने पोर मारला, प्रॉमिथियसने चोरी केली, सिसिफसने मृत्यूलाच फसवलं. टेलच्या शेतकऱ्याने काय केलं? फॉर्म भरला.

आणि शिक्षा दिली कोणी? पाटबंधारेवाले म्हणणार, वरून सुटलं नाही. वरचे म्हणणार, कालवा समितीत ठरलं. समिती म्हणणार, धरणातच साठा नाही. धरण काही बोलत नाही.

झ्यूस ऑलिंपसवर राहायचा. निवेदन कुणाला द्यायचं, एवढं तरी ग्रीकांना ठाऊक होतं.